तिकीट काढण्याआधी बेडका तपासा

१२ मे २००७ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला एक तरुण वकील पॅरिसला जाणाऱ्या विमानात बसला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि सोहळा ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर होणार होता. आपल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू आहेत आणि ते नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, हे त्याला निघण्याआधी कळलेलं होतं. प्रवास करू नका असं आम्ही सांगितलं होतं, असं आरोग्य अधिकारी नंतर म्हणाले. मला कोणी स्पष्ट मनाई केली नव्हती, असं तो म्हणाला. लग्नानंतर तो रोममध्ये असताना अटलांटाहून फोन आला. नव्या तपासणीत एक्सडीआर, म्हणजे जवळपास सगळ्या महत्त्वाच्या औषधांना पुरून उरणारा टीबी निघाला आहे, आता प्रवासी विमानात बसायचं नाही. तो प्रागला गेला, तिथून विमानानं माँट्रियलला उतरला आणि भाड्याची गाडी घेऊन सीमा ओलांडून अमेरिकेत शिरला. सीमेवरच्या संगणकावर त्याला अडवण्याची सूचना होती, तरी त्याला सोडण्यात आलं. मग अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्याला सक्तीनं वेगळं ठेवण्याचा आदेश काढला. असा आदेश १९६३ नंतर पहिल्यांदाच निघत होता.

जगभर केवढा हलकल्लोळ झाला! त्याच्या आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी या गावातून एक भयंकर बातमी आली होती. एक्सडीआर टीबीचे ५३ रुग्ण सापडले आणि त्यांतले ५२ दगावले. त्यातल्या बहुतेकांना एचआयव्हीची लागण होती, पण मथळ्यांत तेवढं बारकाईनं कोण सांगतो? लोकांच्या डोक्यात ५३ आणि ५२ हे आकडे बसले होते आणि तोच आजार घेऊन एक माणूस दोन खंडांतल्या विमानांतून हिंडून आला होता.

पुढे जे झालं ते मात्र फार कमी लोकांच्या लक्षात राहिलं. जुलैमध्ये त्याच्यावर उपचार करणाऱ्या डेन्व्हरच्या रुग्णालयानं पुन्हा तपासणी केली तेव्हा त्याचा टीबी एक्सडीआर नसून एमडीआर असल्याचं दिसलं. म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधं निकामी, पण बाकीची बरीच हाताशी. त्याच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतच नव्हते, त्यामुळे तो फारसा संसर्गजन्यही नव्हता. सहप्रवाशांच्या तपासण्या झाल्या. त्याच्यामुळे कोणाला टीबी झाल्याचं आढळलं नाही.

म्हणून त्याचं वागणं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. ते चुकलंच. पण गेली कित्येक वर्षं छातीच्या आजारांचे रुग्ण तपासताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. शेजारच्या सीटवरच्या खोकल्याला माणसं जेवढी घाबरतात, तेवढी स्वतःच्या घरातल्या तीन आठवड्यांच्या खोकल्याला घाबरत नाहीत. खरा धोका मात्र तिथेच असतो. खोकला सुरू होणं आणि बेडका तपासणं यांत जे आठवडे जातात, आणि बेडका तपासणं आणि कोणती औषधं लागू पडतील हे कळणं यांत आणखी जे आठवडे जातात, त्यांत हा आजार पसरतो. विमानात बसलेला रुग्ण हा त्या उशिराचा शेवटचा टप्पा असतो. म्हणून या लेखात विमानाबद्दल सांगेनच, पण जास्त सांगेन ते विमानतळावर पोहोचण्याआधीचं.

विमानातली हवा

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, गातो, तेव्हा अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. ताट, वाटी, टॉवेल, दाराची कडी, सीटचं हँडल यांतून टीबी होत नाही. विमानात शिरताच हँडल पुसणाऱ्यांनी पुसावं, त्यानं सर्दीपडशाचे विषाणू कमी होतील, टीबीला फरक पडत नाही.

आधुनिक जेट विमानाच्या केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. निम्मी बाहेरून ताजी येते, निम्मी गाळून परत सोडली जाते आणि ती ज्या हेपा फिल्टरमधून जाते तो ०.३ मायक्रॉनएवढे कण ९९.९७ टक्के अडवतो. हवा छतातून येते आणि त्याच रांगेत पायांपाशी शोषली जाते, नाकापासून शेपटीपर्यंत वाहत जात नाही. तेव्हा दहाव्या रांगेत कोणी खोकलं तर चाळिसाव्या रांगेतल्या माणसानं घाबरण्याचं कारण नाही.

जवळच्या रांगांची गोष्ट वेगळी. १९९४ मध्ये एमडीआर टीबीची एक रुग्ण होनोलुलूहून शिकागोमार्गे बाल्टिमोरला गेली आणि महिनाभरानं त्याच मार्गानं परतली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या चारही विमानांतल्या प्रवाशांचा माग काढला. शिकागो ते होनोलुलू हा शेवटचा टप्पा पावणेनऊ तासांचा होता. त्या विमानात रुग्णाच्या पुढच्यामागच्या दोन रांगांत बसलेल्यांमध्ये लागणीची खूण बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली. इथे फरक लक्षात घ्या. आढळली ती लागण, म्हणजे जंतू शरीरात शिरल्याची खूण. प्रत्यक्ष आजार नव्हे. लागण झालेल्या निरोगी माणसांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. एचआयव्ही, अनियंत्रित मधुमेह, कुपोषण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर प्रमाण वाढतं, आणि लहान मुलांना धोका जास्त असतो.

त्या अभ्यासावरून आणि नंतरच्या तशाच चौकशांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं नियम बसवला. प्रवास जमिनीवरच्या खोळंब्यासह आठ तास किंवा जास्त असेल, तरच रुग्णाची रांग आणि तिच्या पुढच्यामागच्या दोन-दोन रांगांतल्या प्रवाशांना शोधायचं. मुंबई-दुबई, मुंबई-दिल्ली अशा प्रवासांना तो लागू होत नाही. मुंबई-लंडनला होतो.

एक सावधगिरी मात्र सांगण्यासारखी आहे. विमान धावपट्टीवर अडकून पडतं आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद असते, तेव्हा वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो. अर्ध्या तासाहून जास्त खोळंबा असेल तर यंत्रणा चालू ठेवावी असं विमान कंपन्यांना सांगितलेलं आहे. केबिन कोंदट वाटली तर कर्मचाऱ्यांना निःसंकोच सांगा. डोक्यावरची हवेची झोत-नळी उघडा. शेजारचा माणूस सतत खोकत असेल तर त्याला एक मास्क द्या, स्वतः एन-९५ लावा, जागा रिकाम्या असतील तर बदलून मागा. त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. दमा, सिगारेटचा खोकला, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला, अशी शंभर कारणं असू शकतात.

मला स्वतःला जास्त काळजी वाटते ती रात्रभराच्या वातानुकूलित स्लीपर बसची. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तीच हवा फिरते आणि विमानासारखा फिल्टर बसमध्ये नसतो. त्या बसमधून जाणाऱ्या रुग्णाची यादी कोणी ठेवत नाही, माग कोणी काढत नाही, बातमीही होत नाही.

दोन आठवडे खोकला

जगातल्या दर चार क्षयरुग्णांत एक भारतात आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतही आपला वाटा एक चतुर्थांशाहून जास्त. एवढ्या रुग्णांमध्ये काही जण शिकायला, नोकरीला, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाणार, हे उघड आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये भारतातून शिकागोला उतरलेली एक महिला तिथून मिसुरी आणि टेनेसी राज्यांत नातेवाइकांकडे फिरून आली. मग त्रास वाढल्यावर डॉक्टरांकडे गेली आणि तिला एक्सडीआर टीबी असल्याचं निघालं. तिला वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात हलवलं गेलं आणि शेकडो लोकांची शोधाशोध झाली.

आपल्याकडे टीबी औषधांना निर्ढावला कसा? जंतू मुळात हुशार नसतो. त्याला आपण शिकवतो. डोस कमी पडला, गोळ्या मध्येच बंद झाल्या, एकच औषध वाढवलं, तर लाखो जंतूंमधले जे थोडे आधीच चिवट असतात तेवढेच उरतात आणि वाढतात. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १०० खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं, तेव्हा ८० वेगवेगळ्या तऱ्हा निघाल्या. जवळजवळ २० वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी तेच करून पाहिलं. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा आणि बरोबर लिहिणारे फक्त ६. याच डॉ. उदवाडियांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे मुंबईतले रुग्ण जगासमोर आणले. अशा टीबीला त्यांनी दिलेल्या नावावरून सरकारशी वाद झाला. नाव काहीही असो, रुग्ण खरे होते आणि त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या आमच्याच व्यवसायानं लिहिलेल्या होत्या.

तेव्हा पहिला सल्ला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यांतलं काहीही असेल तर केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊ नका. विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं. पाच दिवसांच्या कोर्सनं खोकला थोडा बरा वाटतो, कारण ती क्षयाच्या जंतूवरही चालतात. पण आजार जात नाही, तपासणीत सापडत नाही आणि एमडीआर टीबीच्या उपचारातलं एक महत्त्वाचं हत्यार बोथट होतं. ही औषधं २०१४ पासून कडक नोंदीच्या यादीत आहेत, दुकानदारानं चिठ्ठीशिवाय ती देऊच नयेत. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो.

दुसरा सल्ला बेडक्याचा. एक्स-रेवर संशय येतो, खात्री होत नाही. खात्री आणि औषधांचा अंदाज बेडक्यातून मिळतो. तो नीट देणं हे एक कामच आहे आणि ते कोणी समजावून सांगत नाही. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी साध्या पाण्यानं चूळ भरा. डबी घेऊन गॅलरीत, गच्चीवर, अंगणात, जिथे मोकळी हवा असेल तिथे जा. बाथरूममध्ये किंवा बंद खोलीत नको, तिथे घरच्यांना लागण होते. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, शेवटचा क्षणभर रोखा आणि पोटातून जोर लावून खोका. छातीतून वर येणारा घट्ट, पिवळसर बेडका डबीत घ्या. चमचाभर, बाहेरच्या बाजूला न लावता. पातळ, फेसाळ, पाण्यासारखी थुंकी दिली तर अहवाल 'जंतू नाहीत' असा येण्याची शक्यता फार. त्या खोट्या दिलाशावर महिना जातो. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी द्या. ज्यांना बेडका येतच नाही त्यांना वाफेद्वारे किंवा दुर्बिणीनं नमुना घेण्याची सोय असते.

हा नमुना कुठल्या तपासणीला जातोय, ते विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले तरी ते औषधांना दाद देणारे की नाही, हे समजत नाही. ते सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांतून दोन-तीन तासांत समजतं, निदान रिफाम्पिसिनपुरतं तरी. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे, बॅटरीवर चालतं, तालुक्याच्या ठिकाणीही असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रात या चाचण्या मोफत होतात. त्यात रिफाम्पिसिनला दाद नाही असं निघालं की थांबायचं नाही, पुढची लाइन प्रोब आणि कल्चर चाचणी लागते. कल्चरला आठवडे लागतात, कारण हा जंतू फार सावकाश वाढतो. अटलांटाच्या त्या वकिलाच्या बाबतीत एमडीआर, मग एक्सडीआर, मग परत एमडीआर असा जो घोळ झाला, त्यावरून एवढं तरी घ्यावं की ही चाचणी चांगल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी आणि शंका असेल तर पुन्हा करून घ्यावी.

तिकीट हातात आणि अहवालही हातात

आता सगळ्यांत अवघड प्रसंग. ओपीडीत हा प्रसंग येतो तेव्हा समोर एकटा रुग्ण नसतो. आई असते, मामा असतो, कोणाचा तरी फोन स्पीकरवर असतो. "डॉक्टर, पोराचं सेमिस्टर सुरू होतंय. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. सात-आठ तासांचा तर प्रवास, मास्क लावून जाईल ना तो." रत्नागिरीकडचा तरुण असेल तर आखाती नोकरीचा व्हिसा असतो आणि त्यासाठी घेतलेलं कर्ज असतं. हे लोक बेजबाबदार नसतात. महिनोन् महिने जुळवलेली गोष्ट हातातून निसटताना त्यांना दिसत असते.

तरी उत्तर ठरलेलं आहे आणि ते नरम करून सांगण्यात कोणाचंच भलं नाही. साधा, औषधांना दाद देणारा टीबी असेल तर योग्य उपचारांचे किमान दोन आठवडे पुरे होईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानात बसायचं नाही. एमडीआर किंवा त्याहून चिवट टीबी असेल तर लागोपाठ दोन कल्चर चाचण्यांत जंतू वाढले नाहीत, हे सिद्ध होईपर्यंत बसायचंच नाही. प्रवास तासाभराचा असला तरी नाही. मास्क लावूनही नाही. याला काही महिने लागू शकतात.

'नाही' म्हणून झालं की खरं काम सुरू होतं, आणि ते डॉक्टरांनी, घरच्यांनी मिळून करायचं असतं. निदानाचं कागदपत्र घेऊन विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाशी बोला. आजारपणाच्या कारणावरून तारीख बदलून मिळू शकते, पण ते प्रवासाआधी मागावं लागतं. विद्यापीठाला लिहा. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची सोय बहुतेक विद्यापीठांत असते आणि वैद्यकीय कारण त्यांना समजतं. नोकरीच्या ठिकाणी कळवताना आजाराचं नाव सांगायचं की नाही हे रुग्णानं ठरवावं, 'उपचारांसाठी अमुक महिने प्रवास करता येणार नाही' एवढं डॉक्टरांचं पत्र पुरतं. लपवून गेलात तर मात्र तिकिटाच्या पैशांपेक्षा बरंच काही जाईल. २००७ च्या त्या प्रकरणानंतर अमेरिकेनं संसर्गजन्य रुग्णांना विमानात चढू न देण्याची यादीच तयार केली. कोणत्या तरी देशात आजार वाढून रुग्णालयात पडलात, तर पहिला प्रश्न 'कधीपासून माहीत होतं' हाच असतो.

मी रुग्णांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. पूर्वी एमडीआर टीबीचे उपचार दीड-दोन वर्षं चालत. त्यात महिनोन् महिने रोज इंजेक्शन असे, आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांचं ऐकू येणं कायमचं गेलं. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांचं गेलं, आणि त्यांनी गप्प न बसता बेडाक्विलिन या नव्या औषधाची मक्तेदारी वाढू नये म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. मार्च २०२३ मध्ये ती हरकत मान्य झाली आणि त्यामुळे औषध स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. आज बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, त्याला भारतानं २०२४ मध्ये मान्यता दिली. इंजेक्शन नाही. प्रत्येकाला तो चालत नाही. गरोदर बाई, लहान मुलं, काही प्रकारचा फुप्फुसाबाहेरचा टीबी यांना वेगळे उपचार लागतात, आणि अधूनमधून ईसीजी व रक्त तपासावं लागतं. पण ज्याला चालतो त्याच्यासाठी 'दोन वर्षं गेली' या वाक्याच्या जागी 'एक सत्र गेलं' एवढंच उरतं. विमान चुकलं तर चुकलं, पुढचं मिळतं.

सरकारी यादीत नाव नोंदवायला घाबरू नका. २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरनं, खाजगी असला तरी, टीबीचा रुग्ण कळवणं बंधनकारक आहे. नोंदणीमुळे औषधं मोफत मिळतात, महागातलं बेडाक्विलिनसुद्धा. पोषणासाठी निक्षय योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. शंका असेल तर निक्षयची निःशुल्क मदतवाहिनी आहे, १८००-११-६६६६.

उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घरात काय करायचं? खिडकी उघडी, पंखा असा की वारा रुग्णाकडून बाहेर जाईल, रुग्णाला साधा मास्क, शुश्रूषा करणाऱ्याला एन-९५. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, ती वेगळी केल्यानं माणूस मात्र तुटतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, आधी मुलांची. विमानात दोन रांगांपलीकडे आठ तास बसलेल्याला जेवढा धोका, त्याच्या कित्येक पट धोका त्याच खोलीत महिनाभर झोपलेल्या लेकराला असतो. टीबीनं घरात शिरायला विमान लागत नाही. मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही, आणि तिथल्या टीबीचा संबंध याच कोंदटपणाशी जोडणारा अभ्यास झालेला आहे.

व्हिसाची तपासणी

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना मान्य केंद्रात छातीचा एक्स-रे करून टीबी नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते सहा महिने चालतं. एक्स-रेत काही संशयास्पद दिसलं तर बेडक्याचं कल्चर होतं आणि निकालाला दोन महिनेही लागतात. लोक ही तपासणी शेवटच्या पंधरवड्यात करतात आणि मग अडकतात. प्रवेश पक्का होताच करा. आखाती देशांतही छातीचा एक्स-रे होतो आणि पूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा डागसुद्धा अडचण आणू शकतो. पूर्वी टीबी झाला असेल तर जुने एक्स-रे, अहवाल आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवा. दुसऱ्याचा एक्स-रे आपला म्हणून देणारे दलाल भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

व्हिसाची तपासणी स्वच्छ निघाली आणि नंतर खोकला सुरू झाला, तर ते प्रमाणपत्र तुमच्या छातीबद्दल काही सांगत नाही, त्या तारखेबद्दल सांगतं. पुन्हा तपासून घ्या.

फोन आला तर

लंडनहून परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी आरोग्य खात्याचा फोन किंवा पत्र येऊ शकतं की, तुमच्या विमानात क्षयरुग्ण होता. लोक हादरतात. फोन खरा आहे का हे त्या खात्याच्या अधिकृत क्रमांकावर उलट फोन करून पाहा, मग आपण प्रत्यक्ष कोणत्या सीटवर बसलो होतो ते सांगा. बरेच जण प्रवासात जागा बदलतात आणि यादीत जुनाच क्रमांक असतो.

तपासणी म्हणजे त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी. संपर्कानंतर ती उमटायला आठ-दहा आठवडे लागू शकतात, म्हणून लगेच केलेली चाचणी पुन्हा करावी लागते. भारतात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत एक पेच असतो. आपल्यापैकी खूप जणांना लहानपणापासून कधीतरी लागण झालेली असते, त्यामुळे चाचणी होकारार्थी आली तरी ती विमानातलीच असं म्हणता येत नाही. त्वचेवरच्या जुन्या मांटू चाचणीवर बीसीजी लसीचाही परिणाम होतो, रक्ताच्या चाचणीवर होत नाही. पुण्याहून लीड्सला गेलेल्या नर्सला तिथल्या डॉक्टरनं चाचणीचा निकाल दाखवून घाबरवलं, तर हे त्याला शांतपणे सांगायचं, एक्स-रे काढायचा आणि प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही ते मिळून ठरवायचं. मूळ रुग्णाला एमडीआर असेल तर नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या उपयोगाच्या नसतात, म्हणून 'त्याचा टीबी कोणत्या औषधांना दाद देत नव्हता' हा प्रश्न जरूर विचारा.

परदेशात निदान झालं तर

याबद्दल मला अगदी कळकळीनं लिहायचं आहे. मुलगा मँचेस्टरला, खोकला वाढतो, तपासणीत टीबी निघतो. रात्री दोनला त्याचा फोन येतो आणि घरातले सगळे एका आवाजात म्हणतात, "पहिलं विमान पकड आणि घरी ये." प्रेमापोटीच म्हणतात. पण नेमकं हेच करायचं नाही. आठ-नऊ तास बंद केबिनमध्ये शेजाऱ्यांना धोका, तिथे सुरू झालेल्या तपासण्या अर्धवट, इथे आल्यावर सगळं पहिल्यापासून आणि मधल्या काळात औषधांत खंड. हा खंड चिवट जंतूंना हवाच असतो.

तिथे राहिलात तर बहुतेक वेळा उपचार चांगलेच होतात. ब्रिटनमध्ये टीबीची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो. अमेरिकेत स्थानिक आरोग्य विभाग रुग्णाची जबाबदारी घेतात आणि रोजच्या गोळ्या घेतल्या जात आहेत ना, हे पाहायला माणूसही पाठवतात. मुलानं पहिल्यांदा आपल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला कळवावं, घर शेअर करणाऱ्या मित्रांची तपासणी करून घ्यावी आणि संसर्गाचा काळ संपेपर्यंत वर्गात, ग्रंथालयात जाऊ नये. पूर्वी भारतात टीबीची औषधं घेतली असतील तर ती कोणती, किती महिने, कधी सोडली, हे लपवू नये. इथल्या डॉक्टरांकडून तो कागद शोधून पाठवणं हे घरच्यांचं काम. उपचार रुळल्यावर आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर तो येऊ शकतो, तेव्हा गोळ्या हातातल्या बॅगेत, पुरेशा दिवसांच्या, सोबत डॉक्टरांचं पत्र आणि इथल्या निक्षय केंद्राशी आधीच बोलणं झालेलं असावं.

तोवर कोणाला राहवत नसेल, आणि आईला राहवणारच नाही, तर तिनं तिकडे जावं. मुलानं विमानात बसायचं नाही, आईला बसायला काही हरकत नाही. जाताना एन-९५ मास्कचं पाकीट घ्या, पहिले काही आठवडे त्याच्या खोलीत तो लावूनच बसा, खिडकी थंडीतही थोडी उघडी ठेवा. स्वतःला मधुमेह असेल तर निघण्याआधी साखर तपासून घ्या.